दोन डबे आणि सत्तावीस काड्या



या सदराला पत्रे येतात ती बहुधा आयांची असतात. मूल जेवत नाही, मूल अभ्यासाला बसत नाही, मूल मोबाईल सोडत नाही, असे त्यांचे विषय. या वेळचे पत्र मात्र एका तरुण शिक्षिका भगिनीचे आहे. तिची शाळा दोन शिक्षकी आहे. पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग तिच्याकडे एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही मिळून मुले सत्तावीस आहेत. ती लिहिते, "प्रशिक्षणात उपक्रम पुष्कळ सांगितले. मी ते करतेही. पण प्रश्न विचारला की तीच पाच मुले हात वर करतात. बाकीची बावीस नुसती माझ्याकडे पाहत बसतात. लहान मुलांसाठी सोपे आणि बिनखर्चाचे काही सुचवाल का?"

पत्र वाचून आम्हाला बरे वाटले. गप्प बसणाऱ्या मुलांचा आकडा जिला ठाऊक आहे, त्या शिक्षिकेचे निम्मे काम झालेच म्हणायचे. पुष्कळ ठिकाणी हा आकडा मोजलाच जात नाही. पाच मुले खडाखडा बोलली की वर्ग हुशार ठरतो, पाहुणे खूश होतात, मोबाईलवर फोटो निघतो आणि उपक्रम यशस्वी झाल्याचा अहवाल वर जातो. फोटोत मागे बसलेली बावीस मुलेही दिसत असतात, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

म्हणून उपक्रम सांगण्यापूर्वी आमचे एक म्हणणे सांगून टाकतो. लहान मुलांच्या उपक्रमाची कसोटी एकच. तो किती सुंदर झाला हे पाहू नये, त्यात शेवटच्या मुलाची पाळी आली की नाही हे पाहावे.

आधी दोन डबे

चहाच्या पावडरीचे किंवा बिस्किटांचे दोन रिकामे डबे घ्यावेत. कुल्फीच्या काड्या धुऊन, वाळवून घ्याव्यात. त्या नसतील तर जुन्या पुठ्ठ्याच्या बोटभर पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक काडीवर एका मुलाचे नाव लिहावे. सत्तावीस मुले, सत्तावीस काड्या. सगळ्या काड्या पहिल्या डब्यात.

आता प्रश्न विचारला की हात वर करायचे नाहीत. डोळे मिटून एक काडी काढायची. ज्याचे नाव निघेल त्याने उठायचे, फळ्यापाशी यायचे, सांगायचे किंवा लिहायचे. झाले की ती काडी दुसऱ्या डब्यात. पहिला डबा रिकामा होईपर्यंत कोणाचीही दुसरी पाळी नाही. सकाळी नऊ, मधल्या सुट्टीपूर्वी नऊ आणि दुपारी नऊ काड्या काढल्या, तर सत्तावीस मुलांपैकी प्रत्येक मूल दिवसातून एकदा फळ्यापर्यंत येऊन जाते.

सुरुवातीला काही मुले उठणार नाहीत. उठली तर बोलणार नाहीत. त्यांना रागावू नये, आणि "राहू दे, बस" असेही म्हणू नये. "राहू दे" हा शब्द मुलाच्या मनात फार खोल जातो. त्याऐवजी दोन सवलती ठेवाव्यात. एक, जोडीदार घेऊन येता येईल. दोन, "नंतर" म्हणता येईल. "नंतर" म्हणणाऱ्याची काडी डब्यावर आडवी ठेवावी आणि शाळा सुटायच्या आत ती पाळी पुरी करावी. काडी आडवी दिसत राहिली म्हणजे आपणही विसरत नाही.

याच डब्यांतून वर्गातली कामेही वाटावीत. वर्ग कोणी झाडायचा, पाण्याची कळशी कोणी भरायची, घंटा कोणी द्यायची, परिपाठाला पुढे कोणी उभे राहायचे, वह्या कोणी गोळा करायच्या. आपल्या डोळ्यांना सवय झालेली असते म्हणून दिसत नाही. पण एक आठवडा कागदावर नोंद करून पाहावे. झाडू बहुतेक वेळा मुलींच्या हातात आणि घंटा मुलांच्या हातात असते. त्यातही कोणत्या मुली आणि कोणती मुले, हे नोंद पाहिली की आपोआप कळते. काडीला जात माहीत नसते, की मुलगा-मुलगी हा भेद माहीत नसतो. तिच्यावर जे नाव येईल त्याने झाडायचे आणि तिच्यावर जे नाव येईल त्यानेच घंटा द्यायची.

फळ्यापर्यंतचे अंतर म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत आपल्याला कोपऱ्यात गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई हजर नसेल तर पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईच्या शाळेत गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे हलवायला इतर मुले धावली, हा प्रसंग चरित्रात नोंदलेला आहे. आज ते गोणपाट नाही. पण वर्षभरात एकदाही फळ्यापर्यंत न पोचलेली मुले आजही आहेत, आणि त्यांना कोणी अडवलेले नसते. त्यांची पाळीच येत नाही, इतकेच. त्यासाठी हे दोन डबे.

नावाची पट्टी

पहिलीतल्या मुलाला सगळ्यांत आवडते अक्षर कोणते? त्याच्या नावातले पहिले अक्षर. म्हणून वाचनाची सुरुवात नावापासून करावी.

लग्नपत्रिका प्रत्येक घरात पडून असतात. त्यांची कोरी बाजू घेऊन टपोऱ्या अक्षरात प्रत्येक मुलाचे नाव लिहावे. पट्ट्या चटईवर पसरून ठेवाव्यात. दाराशी एक सुतळी बांधावी. सकाळी आत येताना मुलाने आपली पट्टी शोधायची आणि कपड्याच्या चिमट्याने सुतळीला लावायची. हीच हजेरी. खाली उरलेल्या पट्ट्या म्हणजे गैरहजर मुले.

पहिला आठवडा पट्टीच्या कोपऱ्यात मुलाने स्वतः काढलेले एक चित्र असू द्यावे, म्हणजे ओळखायला आधार मिळतो. दुसऱ्या आठवड्यात चित्र दुमडून टाकावे. तिसऱ्या आठवड्यात सांगावे, आज शेजारच्याची पट्टी शोधा. चौथ्या आठवड्यात, एकाच अक्षराने सुरू होणारी नावे एकत्र ठेवा. महिना संपेपर्यंत मुले काना, मात्रा, वेलांटी यांची नावे न घेताही ती ओळखू लागतात. कारण त्या खुणा त्यांच्या मित्राच्या नावातल्या असतात.

येथे दोन गोष्टी पाळाव्यात. पट्टीवर मुलाचे फक्त नाव लिहावे, आडनाव नको. पहिलीतल्या मुलाला आडनावाची गरज नसते, आणि ज्यांना ते वाचायची घाई असते त्यांची सोय आपण का करावी? दुसरे, नाव पुरे लिहावे आणि पुरेच हाक मारावी. घरी आई लाडाने काहीही म्हणो, शाळेत मुलाला काळ्या, बाळ्या, ढोल्या अशा नावाने हाक मारू नये. शिक्षकाने एकदा मारली की सगळा वर्ग मारतो, आणि ते नाव मुलाला चौथीपर्यंत चिकटते.

अक्षरे थोडी, शब्द पुष्कळ

"क कमळातला" पासून "ज्ञ" पर्यंत सगळी अक्षरे पाठ झाल्याशिवाय वाचन नाही, ही समजूत अजून पुष्कळांची आहे. मूल दिवाळीपर्यंत अक्षरे गिरवीत बसते आणि वाचायला त्याच्या हाती एकही शब्द लागत नाही. त्याला वाटते शाळा म्हणजे नुसते गिरवणे. पूर्वीच्या लोकांनी वळणाचे साम्य पाहून ग, म, भ, न अशी अक्षरे एकत्र केली, ती लिहिण्यासाठी सोयीची आहेत. वाचण्यासाठी मात्र ज्यांचे लगेच शब्द होतात ती अक्षरे आधी घ्यावीत.

क, म, ल, ब, र ही पाच अक्षरे आणि काना एवढेच घेऊन पाहा. काका, मामा, बाबा, मका, काम, बाक, लाल, कमल, रबर, बारा, मला, काल इतके शब्द निघतात. "बाबा, मला मका" हे बोलणेही निघते, आणि ते वाचता आले म्हणजे मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

साबणाच्या आणि टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्यांचे चौकोन कापून त्यांवर ही अक्षरे लिहावीत, प्रत्येक अक्षराचे सात-आठ चौकोन. तीन-तीन मुलांच्या नऊ जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीत पहिलीची आणि दुसरीची मुले मिसळून घ्यावीत. जोडीने शब्द जुळवायचा, मोठ्याने वाचायचा, आणि दुसरीतल्या मुलाने तो पाटीवर लिहायचा. मग अदलाबदल. दुसरीतल्या मुलाला सदाचा मॉनिटर करू नये. तोही शिकायलाच आलेला आहे, आपले काम हलके करायला नव्हे.

ज्यांचा हात अजून वळत नाही त्यांच्यासाठी खडूने जमिनीवर हातभर अक्षर काढावे. त्याच्यावरून बोट फिरवायचे, मग त्याच्यावर चिंचोके मांडायचे, मग त्याच वळणाने चालायचे. मटकी, मूग यांसारखे बारीक दाणे या वयाच्या मुलांना देऊ नयेत, नाकात-कानात घालतात. चिंचोकेही मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. तेवढीच मोजणीही होते.

'पानी' आणि 'पाणी'

आता आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. नोकरीचे पहिले वर्ष होते. पहिलीच्या वर्गात आम्ही माठाचे चित्र दाखवले आणि विचारले, यात काय असते? एका मुलीने झटकन हात वर केला आणि म्हणाली, "पानी." आम्ही म्हणालो, "पानी नाही, पाणी. म्हण, पाणी." ती पुन्हा "पानी" म्हणाली. आम्ही तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. वर्ग हसला. ती खाली बसली.

त्या दिवसानंतर ती मुलगी वर्गात बोलली नाही. आम्हाला वाटले, लाजाळू असेल. दिवाळीच्या सुट्टीत तिची आई बाजारात भेटली. म्हणाली, "बाई, घरी तोंडाला खळ न्हाई हिच्या. साळंतच का वं बोलत न्हाई?" आम्ही काय उत्तर देणार? घरी येईपर्यंत तो माठ डोळ्यांपुढे होता. आणि खरी लाज वाटली ती याची, की आमची स्वतःची आजी शेवटपर्यंत 'पानी'च म्हणत होती. आम्हीही घरी तेच म्हणत होतो. शिकून आल्यावर दुसऱ्यांनी आम्हाला जे हसून सुधारले होते, तेच आम्ही त्या पाच-सहा वर्षांच्या पोरीला परत दिले होते.

सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा आम्ही फळ्यावर 'पानी' असा शब्द लिहिला आणि शेजारी 'पाणी' लिहिला. मुलांना सांगितले, हा शब्द घरचा आणि हा पुस्तकातला. दोन्ही आपलेच. आमच्याही घरी पहिलाच चालतो. वर्ग गप्प झाला. ती मुलगी जागेवरूनच म्हणाली, "बाई, तुमी बी पानी म्हन्ता?" आम्ही म्हणालो, "हो, घरी म्हणतो." पाच महिन्यांनी तिचा आवाज वर्गात ऐकला, तो हा.

त्यानंतर आम्ही एक उपक्रम कायमचा धरला. रोज एका काडीची गोष्ट. ज्याची काडी निघेल त्याने काल घरी काय झाले ते सांगायचे. तो सांगेल तसेच, त्याच्याच शब्दांत, फळ्यावर लिहायचे. "म्या आज्यासंगं रानात गेल्तो. म्हशीनं पाटीत तोंड घातलं." मूल आपलेच वाक्य वाचते, म्हणून ते अडत नाही. सगळा वर्ग मग तेच वाचतो. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट शेजारी पुस्तकी भाषेत लिहायची. "मी आजोबांबरोबर शेतात गेलो होतो." दोन्हींतला फरक मुलेच शोधतात आणि त्यात त्यांना मौज वाटते.

कोणी म्हणेल, मग मुले शुद्ध भाषा शिकणार कधी? शिकली पाहिजेतच. अर्ज त्याच भाषेत लिहायचा आहे, परीक्षा त्याच भाषेत द्यायची आहे, बाबासाहेबांचे लेखन त्याच भाषेत वाचायचे आहे. पण ती भाषा शिकवण्यासाठी मुलाच्या आईची भाषा चुकीची ठरवावी लागत नाही. ज्याची घरची भाषा वर्गात ऐकली जाते, ते मूल दुसरी भाषा लवकर शिकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मुलाची घरची भाषा किंवा मातृभाषा शिकण्याचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. घरची भाषा म्हणजे नुसती मराठी की हिंदी एवढेच नव्हे. 'पानी' हीसुद्धा घरची भाषाच.

एकवीस की बारा?

दुसरीत मुले एकवीस सांगितले की बारा लिहितात. आपण म्हणतो, लक्ष नाही. लक्ष असते, म्हणूनच तसे लिहितात. 'एकवीस' या शब्दात कानाला आधी 'एक' ऐकू येतो आणि मग 'वीस'. लिहिताना मात्र २ आधी आणि १ नंतर. मूल ऐकले त्या क्रमाने लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. भाषा बिघडली, असे अनेकांनी म्हटले. पण त्या रीतीमागची अडचण खरी आहे, आणि ती पहिल्या पिढीच्या मुलांना जास्त सोसावी लागते. कारण घरी त्यांना सावरून घेणारे कोणी नसते.

यावर उपाय काड्यांचा. झाडूच्या काड्या बोटभर कापाव्यात. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करावा. मुलांनाच गठ्ठे करू द्यावेत, आयते देऊ नयेत. मग जमिनीवर खडूने दोन घरे आखावीत. डावीकडे गठ्ठ्यांचे घर, उजवीकडे सुट्यांचे घर. 'एकवीस' म्हटले की मुलाने दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी आपापल्या घरात ठेवायची, आधी "वीस आणि एक" म्हणायचे, मग "एकवीस" म्हणायचे, आणि मग प्रत्येक घराखाली आकडा लिहायचा. बारा म्हटले की एक गठ्ठा आणि दोन सुट्या. दोन्ही शेजारी शेजारी मांडून विचारावे, खाऊ म्हणून घ्यायच्या तर कोणता ढीग घ्याल? एकही मूल चुकत नाही.

मराठीत आणखी एक गाठ आहे ती 'एकोण'ची. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. 'एकोण' म्हणजे एक कमी. हे मुलांना कोणी सांगतच नाही, म्हणून एकोणतीस ऐकून ती ३९ लिहितात. तीन गठ्ठे मांडावेत, म्हणावे तीस. त्यातली एक काडी उचलून घ्यावी. एक गठ्ठा सुटतो, नऊ काड्या सुट्यांच्या घरात जातात. दोन गठ्ठे आणि नऊ. तीसला एक कमी, एकोणतीस. एकदा ही गंमत हाताने केली की मुले पुढचे सगळे 'एकोण' आपणच ओळखतात. फक्त ९९ तेवढा आडमुठा आहे. तो नव्व्याण्णव. तो पाठच करावा लागतो, आणि एक अपवाद पाठ करायला मुलांना आवडतो.

वर्गाबाहेर

हिवाळ्यातल्या उन्हाच्या दिवशी एक काठी मैदानात सरळ रोवावी. शाळा भरल्यावर, मधल्या सुट्टीत, भर दुपारी आणि सुटताना तिची सावली जेथे पडेल तेथे खडा ठेवावा. पहिलीच्या मुलांनी सावली पावलांनी मोजायची, दुसरीच्या मुलांनी दोरीने. दुपारची सावली सगळ्यांत आखूड आणि ती उत्तरेकडे, हे मुले स्वतः पाहतात. दिशा पाठ करून घ्याव्या लागत नाहीत. दोन वर्ग एकत्र असतील तर असेच उपक्रम निवडावेत, ज्यात काम एकच पण प्रत्येकाच्या वयापुरते.

पानांचा उपक्रमही तसाच. प्रत्येकाने गळून पडलेली पाच पाने आणायची. मग विचारायचे, यांचे गट करा. कसे करायचे ते सांगायचे नाही. कोणी लहान-मोठे करतो, कोणी रंगाने, कोणी कडा पाहून, कोणी वासाने. प्रत्येकाने आपला गट का केला ते सांगायचे. यात चूक उत्तर नसते, म्हणून गप्प मुलांसाठी हा सगळ्यांत चांगला उपक्रम.

साधने विकत घ्यावीच लागतात, असे कोणी म्हणाले तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण करून द्यावी. १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. माँटेसोरी पद्धतीची विलायती साधने गरीब आणि आदिवासी मुलांच्या शाळांना परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या हीच साधने केली. मुलांच्या हाताला ओळखीच्या वस्तू मिळाल्या आणि शिक्षण थांबले नाही.

सरकारी पातळीवरही आता हे मान्य झाले आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत, म्हणजे लहान गावात एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असणारच. २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरी पुरी होईपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हा त्याचा हेतू. यातला महत्त्वाचा शब्द 'प्रत्येक' हा आहे. पाच मुलांच्या बळावर तो खरा होत नाही.

घरी काय विचारावे?

आता आमच्या नेहमीच्या वाचक भगिनींसाठी. मूल शाळेतून आले की आपण विचारतो, डबा संपवलास का? किती मार्क पडले? मार लागला का? यात एका प्रश्नाची भर घालावी. "आज तुझी पाळी आली का?" आठ दिवस रोज "नाही" असे उत्तर आले, तर शाळेत जाऊन बाईंना किंवा गुरुजींना भेटावे. भांडायला नव्हे. शांतपणे म्हणावे, "आमच्या मुलीला एकदा फळ्यापाशी बोलवा." हे सांगायला आईला लिहिता-वाचता यावे लागत नाही.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी मुलाकडून ऐकावे. आज फळ्यावर कोणाची गोष्ट लिहिली, ती सांग. भाकरी थापताना मोजायला सांगावे. विजेच्या बिलावर, रेशन कार्डावर घरातल्यांची नावे शोधायला सांगावे. आणि मुलाने पुस्तकातला शब्द घरी वापरला तर "लई शहाणा झालास" म्हणून त्याची चेष्टा करू नये. शाळेने घरचा शब्द हसण्यावारी नेऊ नये, तसेच घरानेही शाळेचा शब्द नेऊ नये.

ज्या वस्तीत विहार किंवा समाजमंदिर आहे तेथील शिकलेल्या तरुणांनी रविवारी तासभर या लहान मुलांना द्यावा. मोठ्या मुलांच्या अभ्यासिका चालतात, स्पर्धा परीक्षांची पुस्तके येतात, ते चांगलेच आहे. पण जे मूल दुसरीतच गप्प झाले, ते त्या अभ्यासिकेपर्यंत येणार कसे? एक चटई, अक्षरांचे चौकोन, काड्यांचे गठ्ठे आणि दोन डबे, एवढ्या सामानावर हे काम सुरू होते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एकच विनंती. सगळे उपक्रम एकदम सुरू करू नका. सोमवारी फक्त दोन डबे आणि सत्तावीस काड्या वर्गात न्या. पंधरा दिवसांनी पुन्हा पत्र लिहा. किती उपक्रम झाले ते कळवले नाही तरी चालेल. त्या बावीसपैकी किती जण बोलले, तो आकडा मात्र जरूर कळवा. आम्ही वाट पाहतो.